सूर आणि शंका : सात कॉर्ड त्याच, मग स्केल दोन कशा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच गाठीपाशी येऊन थांबतात. मेजर स्केल, तिचा रिलेटिव्ह मायनर (सूर तेच, पण सा वेगळा असलेली स्केल) आणि त्या दोघांच्या सामाईक कॉर्ड (एकत्र वाजवायच्या तीन सुरांच्या जुळण्या), हा तिन्ही पत्रांचा विषय आहे. पहिल्या पत्राच्या उत्तराने बरीच जागा घेतली आहे, कारण त्यातली शंका प्रत्यक्ष वाजवताना, कानाला खटकल्यामुळे आलेली आहे आणि अशा शंकेचे उत्तर घाईने देऊ नये असे मला वाटते.

प्रश्न : मी एका भजनी मंडळात अनेक वर्षे हार्मोनियमची साथ करतो. माझी मुलगी दीड वर्षापासून गिटार शिकते आहे. तिच्या वहीत ‘सी मेजर’ असे लिहून खाली सात कॉर्ड दिल्या आहेत आणि पुढच्याच पानावर ‘ए मायनर’ असे लिहून पुन्हा त्याच सात कॉर्ड, फक्त क्रम बदलून, दिल्या आहेत. कॉर्ड त्याच असतील तर नावे दोन कशाला? परवा घरी आम्ही दोघांनी भूपातला एक अभंग वाजवून पाहिला. तिच्या सोयीसाठी मी सा पांढरी एकवर घेतला होता. तिने जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी ए मायनर वाजवला. सूर कुठेही भांडले नाहीत, पण ओळ संपूनही संपली नाही असे मला वाटत राहिले. माझ्या कानाचे चुकते आहे की तिच्या हाताचे?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपला कान बरोबर सांगतो आहे आणि मुलीच्या हातानेही कोणता नियम मोडलेला नाही. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे समजले की वहीतल्या दोन पानांचे कोडेही सुटेल.

पांढरी एकपासून पांढरी सातपर्यंत सगळ्या पांढऱ्या पट्ट्या ओळीने वाजवल्या की सी, डी, ई, एफ, जी, ए, बी हे सात सूर मिळतात. पांढरी एकला सा मानले तर हा आपला बिलावल थाट झाला. ग आणि म यांच्यात तसेच नि आणि वरचा सा यांच्यात अर्ध्या सुराचे अंतर आणि बाकी सर्वत्र पूर्ण सुराचे. आता एकही पट्टी न बदलता आरंभ तेवढा पांढरी सहापासून करा आणि सहाला सा माना. अर्ध्या सुराची अंतरे आहेत तिथेच आहेत, पण नव्या सापासून मोजल्यावर ती दुसऱ्या-तिसऱ्या आणि पाचव्या-सहाव्या सुरांच्या मध्ये पडतात, म्हणजेच गंधार, धैवत आणि निषाद कोमल होतात आणि त्याच पांढऱ्या पट्ट्यांतून आसावरी थाट उभा राहतो. पाश्चात्त्य संगीतात पहिल्या रचनेला सी मेजर आणि दुसरीला ए मायनर म्हणतात, आणि सूर सामाईक असल्यामुळे ए मायनर हा सी मेजरचा रिलेटिव्ह मायनर ठरतो.

आपल्यासारख्या साथीदाराला हे नवे वाटण्याचे कारण नाही. सा हलवून तेच सूर नव्या नात्याने ऐकायचे, याला आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रापासून मूर्च्छना हे नाव आहे. भूपाचे सा, रे, ग, प, ध घेऊन धैवताला सा मानले की धानी ऐकू येतो आणि गंधाराला सा मानले की मालकंस. भूप आणि धानी यांचे नाते हेच मेजर आणि त्याच्या रिलेटिव्ह मायनरचे नाते आहे, फक्त सात सुरांऐवजी पाच सुरांतले. एक बारकावा मात्र सांगून ठेवतो. तंबोऱ्याच्या सुरात गाताना हे रूपांतर इतके सरळ होत नाही, कारण साशी ९:८ नात्याचा रिषभ आणि ५:३ नात्याचा धैवत यांच्यातले अंतर निखळ पंचमाला सुमारे २२ सेंटने, म्हणजे अर्ध्या सुराच्या पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक, कमी पडते. त्यामुळे धैवताचा सा केल्यावर गवयाला आपला नवा मध्यम थोडा हलवून घ्यावा लागतो. हार्मोनियम आणि गिटार यांच्यावर सप्तकाचे १२ समान भाग पाडलेले असल्याने ही अडचण झाकली जाते, आणि कॉर्डचा सगळा व्यवहार त्या समान भागांवरच उभा आहे.

आता कॉर्डकडे येऊ. स्केलमधला कोणताही सूर घ्यावा, एक सूर सोडून पुढचा घ्यावा, पुन्हा एक सोडून त्याच्या पुढचा घ्यावा. तीन सुरांची ही जुळणी म्हणजे कॉर्ड. सात सुरांवर अशा सात कॉर्ड होतात : सी, एफ आणि जी या तीन मेजर, डी, ई आणि ए या तीन मायनर, आणि बी वरची एक डिमिनिश्ड; अपुऱ्या पंचमामुळे ती अस्थिर वाटते. ए मायनरची स्केल त्याच सात सुरांची असल्याने तिच्यातूनही याच सात निघणार, वेगळ्या निघायला जागाच नाही. मुलीच्या वहीतल्या दोन पानांचे रहस्य एवढेच.

या सात कॉर्डचे आपसातले नाते कागदावर समजत नाही, बोटांना समजते. म्हणून पुढचा प्रयोग हार्मोनियमवर कृपया खरोखर करून पाहा. पांढरी एक, तीन आणि पाच एकत्र दाबून धरा. ही सी मेजर. भाता चालू ठेवून फक्त पाचवरचे बोट सहावर न्या. झाली ए मायनर. आता तीनवरचे बोट चारवर न्या. झाली एफ मेजर. एकवरचे बोट दोनवर, डी मायनर. सहावरचे सातवर, बी डिमिनिश्ड. चारवरचे पाचवर, जी मेजर. दोनवरचे तीनवर, ई मायनर. शेवटी सातवरचे बोट वरच्या सप्तकातल्या पांढरी एकवर नेले की पुन्हा सी मेजर. सातही कॉर्डची फेरी झाली, आणि प्रत्येक वेळी हलले ते एकच बोट, तेही शेजारच्याच पांढऱ्या पट्टीपर्यंत. दोन सूर दरवेळी जागचे हलले नाहीत. सी आणि ए मायनर या शेजारणी आहेत, एफ आणि डी मायनर शेजारणी आहेत, जी आणि ई मायनर शेजारणी आहेत. सी मेजरचा डोलारा पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या सुरांवरच्या तीन मेजर कॉर्डवर उभा असतो, म्हणजे सी, एफ आणि जी वर. ए मायनरचा डोलारा त्याच क्रमांकांच्या तीन मायनर कॉर्डवर, म्हणजे ए, डी आणि ई मायनरवर. एका बाजूच्या प्रत्येक खांबाची शेजारीण दुसऱ्या बाजूचा खांब आहे.

मग फरक कुठे राहिला? फरक न्यासात, म्हणजे चाल कोणत्या सुरावर विसावते त्यात, आहे. रागाच्या लक्षणांत आपण ग्रह, अंश आणि न्यास सांगतो, कारण नुसत्या सुरांच्या यादीने राग ठरत नाही. तसेच नुसत्या कॉर्डच्या यादीने स्केल ठरत नाही. ए मायनर, एफ, सी, जी या चार कॉर्डचे आवर्तन कितीतरी गाण्यांत ऐकू येते. त्यावर चाल सी वर विसावत असेल तर ते गाणे सी मेजरचे आहे, ए वर विसावत असेल तर ए मायनरचे. पहिली कॉर्ड कोणती यावरून निर्णय करू नये. पुष्कळ चाली घराबाहेरूनच सुरू होतात.

आता आपल्या अभंगाकडे वळतो. ओळीच्या शेवटी आपण सा वर, म्हणजे सी वर, थांबलात. ए मायनरच्या कॉर्डमध्ये ए, सी आणि ई असे सूर असतात, म्हणून आपला सा तिच्यात सामावला गेला आणि भांडण झाले नाही. परंतु खालून गिटारच्या जाड तारेवर ए घुमला आणि कानाने तो आधार मानला. त्या ए पासून मोजले तर आपला सा हा कोमल गंधार होतो. आपण षड्जावर येऊन टेकलात आणि श्रोत्याला मात्र कोमल गंधारावर थांबल्यासारखे ऐकू आले. ओळ संपूनही संपली नाही असे वाटले ते यामुळेच.

मुलीची निवड चुकीच्या जागी पडली असली तरी तिच्यामागचा कान चांगला आहे, हे तिला अवश्य सांगा. भूपात म आणि नि वर्ज्य आहेत. पांढरी एकचा सा धरला तर वर्ज्य झालेले सूर एफ आणि बी होत. सात कॉर्डपैकी एफ आणि डी मायनर यांच्यात एफ येतो, जी आणि ई मायनर यांच्यात बी येतो, आणि बी डिमिनिश्डमध्ये दोन्ही येतात. वर्ज्य सुराला स्पर्श न करणाऱ्या कॉर्ड दोनच उरतात : सी मेजर आणि ए मायनर. भूपाला कॉर्डची साथ द्यायची तर हाताशी असलेली सामग्री इतकीच, आणि ती नेमकी मेजर व रिलेटिव्ह मायनरची जोडी आहे. मुलीने शेवटी सी वाजवून कंटाळा आल्यावर दुसरी कॉर्ड शोधली असणार आणि सुराला न डिवचणारी एकमेव दुसरी कॉर्ड तिच्या हाताला लागली. ए मायनर ओळीच्या मध्ये, चाल धैवतावर रेंगाळते तिथे वाजवावी. न्यासाला सी मेजरच ठेवावी. पंचमावर ओळ थांबत असेल तर जी ची कॉर्ड बी चा सूर गाळून, केवळ जी आणि डी या दोन सुरांची वाजवावी, म्हणजे निषाद आत येणार नाही.

खरी ए मायनर स्केल ओळखण्याची आणखी एक खूण आहे. सी मेजरमध्ये सा च्या खाली अर्ध्या सुरावर शुद्ध निषाद असतो आणि तो कानाला सा कडे ओढून नेतो. ए मायनरमध्ये ए च्या खालचा सूर जी, म्हणजे पांढरी पाच. तो पूर्ण सुराने दूर असल्यामुळे ती ओढ सैल पडते. ती आणण्यासाठी संगीतकार पांढरी पाचच्या जागी काळी चार घेतात, आणि ई मायनरची कॉर्ड ई मेजर होते : पांढरी तीन, काळी चार, पांढरी सात. गाण्यात सगळ्या सामाईक कॉर्ड असताना मध्येच ही ई मेजर आली आणि तिच्या पाठोपाठ ए मायनर आली, तर गाणे ए मायनरचे आहे असे बहुधा निःशंकपणे म्हणता येते. आसावरी थाटातला निषाद असा शुद्ध केल्यावर जे सूर मिळतात ते किरवाणीचे आहेत, त्यामुळे हा रंगही आपल्या कानाला परका नाही.

जाता जाता एक विनंती. हा प्रयोग दोघांनी मिळून करण्यापूर्वी गिटार हार्मोनियमच्या सुराला लावून घ्यावी. आपल्याकडे वैशाखात कूलरच्या ओल्या हवेत ठेवलेल्या गिटारचे लाकूड आणि तारा तासाभरात सूर हलवतात, आणि मग शेजारच्या दोन कॉर्डमधला नाजूक फरक ऐकू येण्याऐवजी नुसता बेसूरपणा ऐकू येतो.

प्रश्न : मी ग्रेडच्या परीक्षेची तयारी करते आहे. रिलेटिव्ह मायनर आणि पॅरलल मायनर यांत माझा नेहमी गोंधळ होतो. बारा मेजर स्केलचे बारा रिलेटिव्ह मायनर पाठ करावेच लागतात का? आणि मायनर म्हणजे दुःखी, हे उत्तर लिहावे का?
— एक विद्यार्थिनी, रामदासपेठ, नागपूर

उत्तर : रिलेटिव्ह मायनरमध्ये सूर तेच राहतात आणि सा बदलतो, पॅरलल मायनरमध्ये सा तोच राहतो आणि सूर बदलतात. सी मेजरचा रिलेटिव्ह ए मायनर आणि पॅरलल सी मायनर. सी मायनरमध्ये तीन सूर कोमल करावे लागतात, म्हणून त्याच्या कॉर्डही सी मेजरच्या राहत नाहीत. त्या ई फ्लॅट (काळी दोन) मेजरशी सामाईक असतात. चोवीस स्केलमध्ये रचना करणाऱ्या दोन थोर संगीतकारांनी या दोन नात्यांपैकी एकेक निवडले होते, हे लक्षात ठेवले तर गोंधळ होणार नाही. बाखने १७२२ मधल्या आपल्या संग्रहात सी मेजरनंतर सी मायनर ठेवला आणि तसाच अर्ध्या अर्ध्या सुराने वर गेला; शोपॅंच्या १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चोवीस प्रिल्यूडमध्ये सी मेजरनंतर ए मायनर येतो, मग जी मेजर आणि त्याचा ई मायनर, आणि हीच जोडीची चाल शेवटपर्यंत चालते.

पाठांतराची गरज नाही. मेजरच्या सापासून तीन अर्धे सूर खाली उतरावे. जिथे पोहोचाल तो रिलेटिव्ह मायनरचा सा. गिटारवर याचा अर्थ एकाच तारेवर तीन फ्रेट मागे. हार्मोनियमच्या भाषेत बोलायचे तर काळी एकच्या मेजरचा मायनर काळी पाचवर मिळतो, काळी चारचा पांढरी चारवर आणि पांढरी पाचचा पांढरी तीनवर. गिटारला पहिल्या फ्रेटवर केपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारी पकड) लावून सी आणि ए मायनरचे आकार वाजवले की काळी एकची पूर्ण जोडी आपोआप हाती येते, कारण केपो सुरांची उंची बदलतो, त्यांची नाती बदलत नाही.

दुःखाविषयी म्हणाल तर तसे लिहू नये. कोमल गंधाराची चाल ढोलकीच्या दाणेदार ठेक्यावर उभी राहिली की पाय थिरकतात, आणि बिलावलाच्या सुरांतली संथ अंगाई ऐकताना डोळे भरून येतात. लय, सप्तक, शब्द आणि गाणाऱ्याचा लगाव यांचा वाटा मोठा असतो. परीक्षेत तिसऱ्या सुराच्या अंतराबद्दल लिहावे, कारण ते मोजता येते : मेजरमध्ये सापासून चार अर्धे सूर, मायनरमध्ये तीन.

प्रश्न : आमच्या गायनवृंदात मी कीबोर्ड वाजवतो. एक गीत दोन कडवी सी मेजरमध्ये आणि शेवटचे कडवे जी मेजरमध्ये गायचे ठरले आहे. आम्ही थेट जी वर उडी मारतो तेव्हा निम्मे गायक चाचपडतात. सामाईक कॉर्डचा काही उपयोग करता येईल का?
— एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : नक्की करता येईल, आणि सामाईक कॉर्डचा सर्वांत उपयोगी गुण हाच आहे. सी मेजर आणि ए मायनर यांच्यात सातही कॉर्ड सामाईक होत्या. सी मेजर आणि जी मेजर यांच्यात चार आहेत : सी, ई मायनर, जी आणि ए मायनर. आपल्या मेट्रोची ऑरेंज लाइन आणि अ‍ॅक्वा लाइन सीताबर्डीला एकमेकींना छेदतात, म्हणून खापरीहून आलेला प्रवासी तिथे उतरून लोकमान्य नगरची गाडी धरतो. या चार कॉर्ड म्हणजे दोन स्केलमधली अशी चार स्थानके आहेत. सी मेजरपेक्षा जितके जास्त सूर बदलतील तितकी ही स्थानके कमी होतात. सी आणि डी मेजर यांच्यात दोनच उरतात, ई मायनर आणि जी. सी मेजर आणि काळी एकचा मेजर यांच्यात एकही नाही, म्हणून शेवटचे कडवे अर्ध्या सुराने चढवताना उडी मारण्यावाचून गत्यंतर नसते आणि त्या वेळी वादकाने नव्या सा च्या पंचमावरची कॉर्ड आधी ठळकपणे देऊन गायकांना हात द्यावा लागतो.

आपल्या गीतासाठी मी ए मायनर निवडीन. सी मेजरमधली सहाव्या सुरावरची ही कॉर्डच जी मेजरमध्ये दुसऱ्या सुरावरची होते, आणि ऐकणाऱ्याला गाडी बदलल्याचे कळतही नाही. दुसरे कडवे सी वर संपल्यावर एक मात्रागट ए मायनरला द्या, पुढचा डी सेव्हन्थला, आणि मग जी वर या. डी सेव्हन्थमध्ये डी, एफ शार्प, ए आणि सी असे सूर आहेत. एफ शार्प हा सी मेजरच्या स्केलमध्ये नसलेला सूर, काळी तीन. तो ऐकू येताच जुना शुद्ध मध्यम कानातून पुसला जातो. ए आणि सी हे दोन सूर ए मायनरपासून तसेच पुढे आलेले असतात, म्हणून गायकांना धरायला काहीतरी राहते.

सरावाच्या वेळी एक गोष्ट वेगळी काढून करून घ्या. गायनवृंदाचे दोन गट करा. ए मायनरवरून डी सेव्हन्थवर जाताना एका गटाला सी हा सूर धरून ठेवायला सांगा आणि दुसऱ्या गटाला ई वरून एफ शार्पवर चढायला सांगा. जी वर येताना पहिला गट सी वरून बी वर अर्धा सूर उतरेल आणि दुसरा एफ शार्पवरून जी वर अर्धा सूर चढेल. चार-पाच वेळा कीबोर्डशिवाय, नुसत्या आवाजात हे म्हणून घेतले की वाद्य काय वाजवते आहे याची वाट न पाहता दोन्ही गट आपापल्या अर्ध्या सुराने नव्या कडव्यात शिरतील.